मंगळागौरीचं सामान आणि विमानवाले

ग्वाल्हेरच्या दाना ओलीतल्या एका हॉलमध्ये आमची मंगळागौरीची प्रॅक्टिस चालते. पण आल्या आल्या कुणी पदर खोचत नाही. आधी विमानतळाचे किस्से होतात. एकीने सुरू केलं की दुसरीला आपलं आठवतं, आणि घरी गेल्यावर तिसरीला जे आठवतं ते व्हॉट्सअ‍ॅपवर येतं. बाहेरच्या माणसाने ऐकलं तर विचारेल, या बायका फुगड्या घालतात की भांडणं करतात? आम्ही दोन्ही करतो. हल्ली भांडणंच जास्त.

ग्रुपच्या म्होरक्या विमल जाधव, सगळ्यांच्या काकू. त्यांच्या घरातले पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून ग्वाल्हेरला आले. तलवार कधीच गेली, आवाज तेवढा राहिलाय. त्यांच्या अगदी उलट सुषमाताई आपटे. दूधवाल्यालाही 'आप' म्हणतात आणि भाजीवाल्याशी घासाघीस करताना स्वतःच लाजतात. सगळ्यांत लहान ऋचा. ती सराफ्यात एका पेढीवर काम करते आणि मराठीत सुरू केलेलं वाक्य हिंदीत संपवते. मी शाळेत गणित शिकवायचे, म्हणून मला सगळ्या 'बाई' म्हणतात. आणखी पाच जणी आहेत, त्यांचे किस्से त्या सांगतील.

श्रावण जवळ आला की कुठलं ना कुठलं महाराष्ट्र मंडळ आम्हाला बोलावतं. मंडळ तिकीट पाठवतं. सामानाचं आमचं आम्ही बघायचं. आणि मंगळागौरीचं सामान म्हणजे सूप, लाटणी, घागरी. ही काय रुमालात बांधून न्यायची वस्तू आहे?

* * *

पहिल्यांदा बंगलोरला निघालो तेव्हा काकूंनी सूप मुद्दाम नवीन विणून घेतलं होतं. कडेला लाल रंग, मधे हळदीचं स्वस्तिक. वजनाला अगदी फूल.

काउंटरशेजारी तो लोखंडी सांगाडा असतो ना, बॅग त्यात बसली तर आत, नाही तर पैसे. तिथल्या टायवाल्या पोराने सूप त्यात धरून बघितलं आणि मान हलवली.

"मैम, नहीं जा रहा. इसका चार्ज लगेगा."

काकू म्हणाल्या, "अरे भैया, हाथ में लेके देख. हवा है हवा."

"वज़न की बात नहीं है मैम, साइज़ की बात है."

काकूंनी पैसे द्यायला साफ नकार दिला. "बांबूचं आहे, थोडं वाकतं. नीट घालून देख," असं त्यांनी अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत सांगितलं. त्याने सूप पुन्हा सांगाड्यात घातलं, वरून तळव्याने दाबलं. गेलं नाही. मग त्याने गुडघा लावला.

कट्कन आवाज झाला. एक अख्खी बाजू मोडून आत दुमडली गेली. पोराने हात झटकले आणि काकूंकडे बघून म्हणाला, "देखिए मैम, अब आ गया."

बंगलोरला ऋचा स्टीलचं ताट घेऊन सुपाचं गाणं नाचली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकू विंगेत उभ्या होत्या, त्यांनी नाही वाजवल्या.

* * *

त्याच ट्रिपमधून परत येतानाची गोष्ट. माझी बॅग जाताना काठावर बसली होती. येताना तर तिच्यातली तिळाची गजक मंडळाला देऊन झाली होती, दोन डबे रिकामे. पण बंगलोरच्या काट्यावर तीच बॅग जास्त भरली.

मी म्हटलं, "ज्यातून वस्तू काढल्या ती बॅग जड कशी होईल? मी आयुष्यभर गणित शिकवलंय."

"मैम, मशीन झूठ नहीं बोलती," काउंटरवरचा माणूस म्हणाला.

काकू पुढे झाल्या आणि सरळ काट्यावर चढल्या. "मी दर महिन्याला डॉक्टरकडे वजन करते. आता देखू तुझी मशीन."

काटा डॉक्टरच्या काट्यापेक्षा बराच पुढे गेला. काकूंनी विजयी मुद्रेने सगळ्या लाईनकडे बघितलं. तो माणूस हसून म्हणाला, "घूमने आई हैं, खाया-पिया होगा मैम."

लाईन हसली. मला त्याच्यापेक्षा त्या लाईनचा जास्त राग आला. त्यांच्यातही निम्म्यांच्या बॅगा बाजूला काढून ठेवल्या होत्या. त्यांनाही पैसे भरायचे होते, पण एका जाड्या बाईवर हसायला मिळालं तेवढ्यात खूश.

ऋचाने माझी बॅग उचलली आणि गुपचूप शेजारच्या काउंटरच्या काट्यावर ठेवली. तिथे ती नियमात बसली. आम्ही त्या माणसाला हाक मारली. त्याने तो आकडा बघितला, आमच्याकडे बघितलं, आपल्या काउंटरवर 'बंद है'ची पाटी उभी केली आणि चहा प्यायला निघून गेला.

* * *

लाटण्यांचा किस्सा छोटा आहे, पण त्यापायी विमान चुकलं असतं.

लाटणी चेक-इनमध्ये टाकली तर सामान जास्त होतं, म्हणून आम्ही ती हातातल्या पिशवीत ठेवली होती. काउंटरवरच्या मुलीने पिशवी उघडून बघितली आणि घाबरल्यासारखं केलं.

"मैम, ये केबिन में अलाउड नहीं है. इससे किसी को मारा जा सकता है."

काकू म्हणाल्या, "चाळीस वर्षांत एकदाही नाही मारलं. आज पहिल्यांदा मनात येतंय."

ऋचा घाईघाईने मधे पडली, "मैम, वो मज़ाक कर रही हैं."

काकू म्हणाल्या, "मज़ाक नहीं कर रही."

त्यानंतर दोन गणवेशवाले आले, चौकशीत विमानाची वेळ होत आली. लाटण्यांचे पैसे तर भरावे लागलेच, वर काकूंना लेखी माफी मागावी लागली. ती ऋचाने लिहिली. काकूंनी न वाचता सही केली, कारण वाचली असती तर केली नसती.

* * *

पुढच्या वर्षी वजन वाचवायची युक्ती ऋचाने काढली. नौवारी साड्या बॅगेत कशाला, अंगावरच नेसू. आतली नेहमीची साडी, त्यावर नौवारी. ग्वाल्हेरच्या उकाड्यात आम्ही नऊ बायका गाठोड्यांसारख्या विमानतळावर उभ्या राहिलो. चेक-इन झालं, तपासणी झाली. आम्हाला वाटलं, जमलं.

विमानात शिरायच्या दारापाशी एक जण पास तपासत होता. त्याची नजर सुषमाताईंच्या पायांशी गेली. नौवारीखालून आतल्या साडीचा काठ दिसत होता.

"आंटी, दो-दो साड़ी? चार्ज बचाने के लिए?" तो एवढ्या मोठ्यांदा म्हणाला की सगळी रांग वळून बघायला लागली. "दो साड़ी वाली आंटी, ज़रा साइड में आइए."

बाकीच्या आठ जणींनीही तेच केलं होतं. पण त्याने पकडलं कुणाला, तर ज्यांनी जन्मात बसचं तिकीट चुकवलं नाही त्यांना. सुषमाताई लाल झाल्या. त्यांना बाजूला उभं करून त्याने उरलेली माणसं सोडली. येणारा-जाणारा त्यांच्या साडीकडे बघून जात होता. काकू तोंड उघडणार तेवढ्यात सुषमाताईंनी हाताने थांबवलं.

सगळ्यात शेवटी त्याने त्यांना जाऊ दिलं. पैसे घेतले नाहीत. नुसतीच गंमत करायची होती त्याला. सुषमाताई त्याच्यासमोर थांबल्या, हात जोडले, आणि अतिशय गोड आवाजात म्हणाल्या, "मेल्या, तुझं तळपट होवो."

तो हसून म्हणाला, "थैंक यू मैम."

विमान वर गेलं तरी सुषमाताई आतल्या साडीचा काठ नौवारीखाली दडवत होत्या. जरा वेळाने माझ्या कानाशी येऊन त्यांनी विचारलं, "बाई, खरंच लागेल का हो त्याला?"

मागच्या सीटवरून काकू म्हणाल्या, "लागायलाच हवं."

* * *

पुण्याला निघालो तेव्हा मात्र आम्ही आनंदात होतो. निदान तिथे आपली माणसं असतील, आपल्या भाषेत भांडता येईल.

कार्यक्रम छान झाला. परतताना काउंटरवर एक मराठी मुलगी होती. काकूंनी घागरी पुढे ठेवल्या आणि लाडीगोडीने म्हणाल्या, "बेटा, जरा देखून घे ना. जाताना चार्ज नव्हता लागला. आत्ता कसा लगेल?"

मुलगी शांतपणे म्हणाली, "नियम आहे मॅडम. प्रत्येक घागर वेगळी धरणार."

"अगं, रिकामी भांडी आहेत."

"रिकामी असली तरी जागा अडवतात."

पुष्कळ वेळ घासाघीस झाली. तिने एक पैसा सोडला नाही. काकूंनी कार्ड काढून दिलं. मुलगी पहिल्यांदाच हसली आणि म्हणाली, "पण कौतुक आहे हं तुमचं. हिंदीभाषिक असून किती छान मराठी बोलता."

मी काकूंचा दंड घट्ट धरला. घराण्याच्या किती पिढ्या ही भाषा परमुलखात सांभाळत बसल्या, मुलांना रागावून रागावून मराठी बोलायला लावलं, ते ही पोरगी एका वाक्यात निकालात काढून मोकळी. पैसे गेल्याचं कुणाला काही वाटलं नाही. ग्वाल्हेरला उतरल्यावर ऋचा हळूच म्हणाली, "काकू, मैं सच में ठीक बोलती हूँ ना?"

काकू म्हणाल्या, "आधी मराठीत विचार."

* * *

आणि हा गेल्या श्रावणातला.

हैदराबादला फुगडी घालताना सुषमाताईंचा पाय मुरगळला. घोट्याचं हाड तडकलं. डॉक्टरांनी गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं आणि मंडळाच्या लोकांनी वॉकर आणून दिला. दुसऱ्या दिवशी आम्ही परत निघालो.

काउंटरवरच्या माणसाने वॉकर बघितला. "ये साइज़ से बाहर है. चेक-इन में जाएगा, अलग चार्ज."

मी म्हटलं, "चालता येत नाही म्हणून वॉकर आहे. त्याचा कसला चार्ज?" अशा वस्तूंना पैसे लागत नाहीत हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा तो इतका ठामपणे बोलत होता की आम्हाला खरंच वाटलं.

"तो फिर ये चलेंगी कैसे?" ऋचाने विचारलं.

"व्हीलचेयर भेज देंगे. आप लोग अंदर बैठिए."

पैसे भरले. वॉकर पट्ट्यावरून आत गेला. सुषमाताईंना कसंबसं एका बाकावर बसवलं, पाय बॅगेवर ठेवला. व्हीलचेअर काही येईना. ऋचा तीनदा जाऊन विचारून आली. तीनदा उत्तर मिळालं, "बस, आ रही है." आमच्या विमानाची माणसं आत जायला लागली. मग रांग संपली. मग आमची नावं पुकारायला लागले, जणू उशीर आम्हीच करत होतो.

काकू स्वतः त्या माणसाला शोधून घेऊन आल्या. त्याने घड्याळ बघितलं, सुषमाताईंकडे बघितलं.

"गेट बंद हो रहा है. आंटी, आप थोड़ा ट्राय कीजिए ना. पास ही तो है."

गेट तिथून दिसतसुद्धा नव्हतं.

सुषमाताई खरंच उठायला लागल्या. कुणाला त्रास नको हा त्यांचा जन्माचा स्वभाव. प्लास्टरचा पाय जमिनीला टेकला आणि त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून काकूंनी पर्स माझ्याकडे फेकली.

"ऋचा, इकडे ये. हात दे."

लहानपणी पोरी करतात तशी दोघींनी मनगटं एकमेकींत गुंफून हातांची खुर्ची केली. आम्ही सुषमाताईंना उचलून तिच्यावर बसवलं. त्यांनी दोघींच्या गळ्यात हात टाकले. मी समोरून प्लास्टरचा पाय धरला आणि उलटी चालायला लागले. बाकीच्यांनी सामान घेतलं.

"मैम, ये अलाउड नहीं है," तो मागून म्हणाला. "मैम, प्लीज़. कुछ हो गया तो हमारी ज़िम्मेदारी नहीं होगी."

कुणी वळून बघितलं नाही. ऋचा दमली की दुसरी हात देई. काकूंनी शेवटपर्यंत सोडलं नाही. त्यांचा श्वास ऐकू येत होता, नाकाचा शेंडा लाल झाला होता. दुकानांतली माणसं बाहेर येऊन बघत होती. एक-दोघांनी फोन काढले, तेव्हा मात्र आमच्या मागून तो पळत निघाला. मी उलटी चालत होते, म्हणून मला तो दिसत होता.

आम्ही गेटापाशी पोचलो आणि तो धापा टाकत समोर आला. हातात रिकामी व्हीलचेअर. टाय खांद्यावर गेलेला, घामाने शर्ट चिकटलेला.

"मैम, व्हीलचेयर आ गई. बैठ जाइए."

काकू थांबल्या. आम्ही सगळ्या सुषमाताईंकडे बघायला लागलो. त्यांनी आधी खुर्चीकडे बघितलं, मग त्याच्याकडे. पदर नीट केला. आणि दूधवाल्यालाही 'आप' म्हणणारी ती बाई, दोघींच्या हातांवर बसल्या बसल्या, त्याला म्हणाली,

"अब तू ही बैठ."