अवसरीच्या विहिरीवरचं गाळलेलं पाणी

बावन्नाव्या वर्षी मला साखर निघाली आणि डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितली, तेव्हापासून माझी चिडचिड काही थांबलेली नाही. शाळेत असताना मी दोन्ही हात सोडून सायकल हाणायचो. आता सीट टोचते, गिअर नको तेव्हा पडतात, आणि नारायणगावच्या बाजारातला प्रत्येक ओळखीचा माणूस थांबवून विचारतो, "शेठ, गाडी विकली का राव?" मंदिरात हात जोडले तरी मनात तक्रारच असायची. इतकी वर्षं नियमाने राहिलो, आणि पदरात काय, तर हे!

आम्हा जैनांचा नियम म्हणजे चौविहार. सूर्य मावळल्यावर अन्न नाही, पाण्याचा थेंबही नाही. वडिलांनी तो जन्मभर पाळला. ते गेले त्या दिवशी मी तो घेतला, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला थोडा ताठाही होता.

एका दुपारी निघताना बायको म्हणाली, "वारूळवाडीच्या पुढे जाऊ नका, आणि खिशात बिस्किटं ठेवा." वारूळवाडी म्हणजे आमच्या शेजारचंच गाव. तेवढीच का माझी धाव? पुडा फळीवर तसाच ठेवला आणि रागाच्या भरात थेट अवसरी खुर्द गाठलं. परत फिरलो आणि गावाबाहेर आतल्या रस्त्यावर मागचं चाक बसलं. पंप घरी. दोन जीपवाल्यांना हात केला, दोन्ही जीप खचाखच भरलेल्या. बाटली रिकामी. सायकल ढकलत चाललो तर हात थरथरू लागले, अंगाला गार घाम सुटला. साखर उतरत होती, आणि सूर्य डोंगरापासून हातभरच वर होता. तो बुडायच्या आत पोटात काही गेलं नाही, तर एक तर नियम मोडायचा, नाही तर रस्त्यात पडायचं. तोंडाने नवकार मंत्र म्हणत होतो आणि मधूनमधून त्या ट्यूबला शिव्याही देत होतो, हे कबूल करतो.

तेवढ्यात समोरून रस्ताभर मेंढरं आली. मागे काठी घेतलेली साठीची एक बाई.

"अहो बाई, बाजूला घ्या ना ही!" मी खेकसलो.

"जाताय कुटं, भाऊ? त्वांड पांढरं पडलंय तुमचं. बसा हितं बांधावर."

साखर उतरलीय, एवढंच मी सांगू शकलो. तिने फडक्यातून अर्धी भाकरी आणि गुळाचा खडा काढून हातावर ठेवला आणि कडेच्या विहिरीत बादली सोडली. न गाळलेलं पाणी मला चालत नाही, हे सांगायची लाज वाटली, आणि जीभही वळत नव्हती. पण तिने न सांगताच तांब्यावर फडकं धरलं आणि पाणी गाळलं. मग फडकं उलटं करून, उरलेल्या पाण्याने विहिरीतच धुतलं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"बारीक जीव असत्यात, भाऊ. आपल्या पोटात बी नगं, अन् जिमिनीवर मरायला बी नगं. त्येंचं घर पान्यात."

माझे वडील अगदी हेच करायचे. घरात फिल्टर बसला आणि मी ते सोडून दिलं होतं. मला रडू आलं. भाकरी-गूळ खाऊन मी पाणी प्यायलो, तांब्या खाली ठेवला आणि सूर्य डोंगराआड गेला. पुढे एका टेम्पोवाल्याने सायकलीसकट घरी सोडलं.

आमच्यात देव येऊन कुणाला वाचवत नाही, म्हणून मी याला चमत्कार म्हणत नाही. पण नियम मी पाळतो, हा माझा ताठा त्या बांधावर उतरला. त्या दिवशी नियम माझ्याकडून पाळून घेतला गेला, आणि ज्यांच्यावर मी चिडलो होतो त्या मेंढरांनीच मला तिथे थांबवलं.

चिडका स्वभाव काही गेला नाही. पंक्चर झालं की अजून शिवी आधी येते, नवकार नंतर. पण आता खिशात बिस्किटं असतात, आणि रोज सकाळी सायकलवरून वारूळवाडीच्या एका विहिरीवर जाऊन मी प्यायचं पाणी गाळून आणतो. गाळायचं फडकं उलटं करून तिथेच धुताना त्या बाईला मनातल्या मनात हात जोडतो. तिचं नाव विचारायचं मात्र त्या दिवशी राहूनच गेलं.