शंकूच्या फटीतलं गंध

साठच्या दशकात मी तंजावूरच्या एका बिनतारी केंद्रात होतो. कालव्यांवर फिरणाऱ्या जीपगाड्या वेगवेगळ्या कंपनसंख्यांवर बोलत. सगळ्यांना पुरेल असा एकच अँटेना मी कागदावर बेतला. खाली कंबरेएवढा तांब्याचा शंकू, वर तबकडी, आणि दोघांमध्ये बोटभरही नाही एवढी फट. फट मोकळी राहिली पाहिजे, एवढं एकच पथ्य.

शंकू घडवला राजवाड्यामागच्या एका म्हाताऱ्या तांबटाने. त्याने कथील वितळवून डाख दिला की सांधा नखालासुद्धा लागत नसे. त्या हातावर त्याचं पोट होतं आणि त्याच हाताचा त्याला माज होता. मला माज खपत नाही, माझा सोडून.

खंडेनवमीला संध्याकाळी तो गंधाची वाटी घेऊन आला. मी खेकसलो, "हे यंत्र आहे, तुमचं देऊळ नव्हे!" वाटी तिथेच ठेवून तो परत गेला. मग मला आई आठवली. हत्याराला गंध लावल्याशिवाय काम सुरू करू नये, ही तिची जन्माची कटकट. कुणी बघत नाहीसं पाहून मीच शंकूच्या मानेला गंध-कुंकू फासलं, चांगलं भरपूर.

सकाळी अँटेना चढवला. मद्रासहून साहेब आले होते. जीपमधून नुसती खरखर.

"सांधे कुणाचे?" साहेबांनी विचारलं. मी तांबटाकडे बोट दाखवलं.

अँटेना उतरवल्यावर फटीत माझं गंध दिसलं, अजून ओलसर, तबकडीपासून शंकूपर्यंत पसरलेलं. मी ते रुमालाने पुसलं आणि रुमाल खिशात घातला.

तांबट बाहेर उभा होता. "एंगे तप्पु, सार?" चूक कुठे झाली, एवढंच त्याला हवं होतं.

"तुमच्या डाखात," मी म्हणालो. कीव आली नाही. सुटलो म्हणून बरंच वाटलं.

त्याने शंकू घरी नेला, सगळे सांधे उकलून पुन्हा बसवले. या वेळी जीपगाड्या शेजारच्या खोलीतून बोलाव्यात तशा ऐकू आल्या. साहेबांनी माझी पाठ थोपटली. तांबटाने हात जोडून माझी क्षमा मागितली, आणि मी ती केलीसुद्धा.

त्यानंतर त्याने डाखाचं काम धरलं नाही. डोळे गेले, असं सांगत असे. पुढच्या खंडेनवमीला तो आपली हत्यारं फडक्यात बांधून माझ्या दारात आला.

"तुमच्या पूजेत ठेवा, सार. माझ्या हातात ती शोभत नाहीत."

मी ठेवून घेतली. दरवर्षी त्यांना गंध लावतो. बेताने लावतो.