आजचं माप

"जरा वाढत्या अंगाचं शिवा," असं निपाणीत सुलाबाईच्या दुकानात येऊन कुणी म्हटलं, की त्या गिऱ्हाइकाची काही खैर नसायची. मशीन थांबायचं, चष्म्यावरून एक नजर यायची आणि मग तोंडाचा पट्टा सुरू. पोरगी आज केवढी हाय? मग आजचंच माप द्या. शिवणीच्या आत माया सोडते, पुढच्या वर्षी उसवून मोठं करून देते, पण लेकराला पोत्यात घालून शाळेला धाडायचं काम माझ्या हातनं व्हायचं न्हाय. तिरसट बाई, असं पुटपुटत गिऱ्हाइकं जायची आणि दुसऱ्या दिवशी कापड घेऊन परत यायची. सुलाबाईनं शिवलेला झगा अंगात घातला की पोरगी आरशापुढनं हलायची नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

या तिरसटपणाला कारण होतं. सुलाबाई मूळची सदलग्याची. आई दुसऱ्याच्या तंबाखूत राबायची. एकदा मालकिणीनं आपल्या थोरल्या लेकीचा जुना झगा दिला आणि सात वर्षांच्या सुलाला तो अंगणातच, चारचौघांदेखत, घालून दाखवायला लावला. बाह्या मनगटापर्यंत, गळा खांद्यावरनं घसरलेला. बसला का गं, म्हणून मालकिणीनं विचारलं. मागनं आईनं चिमटा काढला, आणि पोरीनं सांगून टाकलं, बसला, लई झ्याक बसला. तो झगा अंगाला खरोखर बसायची वेळ आली तोवर त्याच्या चिंध्या झाल्या होत्या. त्या एका 'बसला'ची लाज सुलाबाईला साठी उलटली तरी वाटायची.

पुढं मशीनच्या कमाईवर तिचा लेक भीमरत्न शिकला आणि कॉलेजात शिकवायला लागला. त्याची लेक करिष्मा सहा वर्षांची, पहिलीत. तिच्या शाळेतल्या एका सरांना पाखरांचं भारी वेड. महिन्यातनं एका रविवारी ते पोरांना गावाबाहेरच्या तळ्यावर पाखरं दाखवायला न्यायचे आणि आपली मोठी दुर्बीण सगळ्यांच्या डोळ्याला लावून फिरवायचे. पहिल्या फेरीनंतर भीमरत्नानं लेकीसाठी घरची दुर्बीण मागवली. बाप हौशी, तेव्हा साधीसुधी कशी चालेल? बारा पटीची, काळीभोर, हातात घेतली तर वरवंटा उचलल्यासारखी वाटायची.

एका सकाळी सुलाबाई गच्चीवर मिरच्या वाळत घालत होती. शेजारच्या नारळावर घार येऊन बसली तशी तिथंच उभ्या भीमरत्नानं खाली हाक दिली. करिष्मा पेटीतनं दुर्बीण काढून धावत वर आली. दोन्ही हातांनी ती कशीबशी डोळ्याला लावली आणि म्हणाली, "दिसली पप्पा. लई मोठी हाय." बापाची नजर घारीवर, लेकीकडं बघतंय कोण. सुलाबाईची नजर मात्र पोरीकडं गेली. दुर्बिणीच्या पुढच्या दोन्ही काचांवरची टोपणं तशीच होती.

तिच्या हातातल्या मिरच्या सुटल्या. बाप खाली गेल्यावर तिनं पोरीला मांडीवर ओढलं आणि काही न रागावता विचारलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पहिल्या फेरीला सरांच्या दुर्बिणीतनं तिला नुसते दोन काळे गोल दिसले होते. तसं तिनं सांगितलं तर पोरं हसली. सर म्हणाले, नीट बघ, सगळ्यांना दिसतंय. तेव्हापासनं ती 'दिसलं' म्हणायला शिकली होती. 'दिसलं' म्हटलं की कुणी हसत नाही आणि पप्पा खूश होतात, एवढा साधा हिशेब.

सुलाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. आपण सातव्या वर्षी जे शिकलो ते ही सहाव्या वर्षीच शिकली, तेही स्वतःच्या घराच्या गच्चीवर, सख्ख्या बापापुढं! तिनं टोपणं काढली, दुर्बीण मिटेल तेवढी मिटवली आणि पोरीच्या तोंडाला धरली. मग गळ्यातली टेप काढून आधी पोरीच्या दोन डोळ्यांमधलं अंतर मोजलं, मग दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या दोन काचांमधलं. डोळे जेमतेम दोन इंचांवर, आणि काचा मिटवूनही अडीचच्या घरात. पोरीनं एक डोळा लावला की दुसरा बाहेर. दिसणार काय, कपाळ? एवढं साधं माप घरात कुणी घेतलं नव्हतं, आणि जन्मभर टेप गळ्यात घालून फिरलेल्या सुलाबाईनंही घेतलं नव्हतं. याचा तिला जास्त राग आला.

जेवताना तिनं विषय काढला. टोपणांचं ऐकून भीमरत्नाचा घास हातातच राहिला, पण मास्तर माणूस, लगेच हार कशी मानणार? वाढत्या वयाची पोर आहे, दोनचार वर्षांत येईल बरोबर, चांगली वस्तू आहे, दहा वर्षं टिकेल, असं त्यानं समजावलं. सुलाबाई म्हणाली, तुझी पोरगी आज सहाची हाय, दहा वर्षांनी जी सोळाची हुईल तिला तवा घे. यावर भीमरत्न जरा चिडलाच.

"आई, आपल्याला जन्मभर लोकांचं उरलंसुरलं मिळालं," तो म्हणाला. "माझ्या लेकीला मी बारकं का घेऊ? सगळ्यात मोठं घेईन."

"मोठं नको रं," सुलाबाई म्हणाली. "तिचं पायजे."

दुसऱ्या दिवशी तिनं दुकान बंद ठेवलं, करिष्माचं बोट धरलं आणि बेळगावची एसटी पकडली.

बेळगावात मारुतीराव म्हणून एकाचं चष्म्याचं आणि कॅमेऱ्याचं जुनं दुकान होतं. दुकानात शिरायच्या आधी सुलाबाईनं नातीला पायरीवर उभं केलं आणि बजावलं, की दिसलं न्हाय तर न्हाय म्हणायचं. शंभरदा म्हणायचं. कोण हसलं तर त्याच्याकडं मी बघते.

मारुतीरावांनी पोरीला बघून आधी गुलाबी रंगाची, सशाचे कान असलेली दुर्बीण काढली. करिष्मानं ती डोळ्याला लावली आणि सवयीनं म्हणाली, "दिसलं." काय दिसलं, म्हणून सुलाबाईनं विचारलं. पोरगी सशाचे कान चाचपायला लागली. मारुतीराव हसून काही बोलायला गेले, तसा सुलाबाईनं हात वर करून त्यांना थांबवलं. शेवटी पोरीनं आजीचा पदर धरला.

"न्हाय दिसत," ती म्हणाली. "सगळं धुरकट हाय."

"शाब्बास," सुलाबाई म्हणाली आणि ती सशाची दुर्बीण परत सरकवली. खेळणं नको, काचा खऱ्या पायजेत, पोरगी बारकी हाय म्हणून तिला खोटं द्यायचं व्हय?

मग दहा पटीची आली, बारा पटीची आली. आकडा मोठा तेवढी वस्तू चांगली, असं मारुतीराव छातीठोक सांगत होते. करिष्माचं एकच, न्हाय, दोन गोल दिसत्यात. सुलाबाईनं स्वतः बारा पटीची लावून रस्त्यापलीकडची पाटी वाचायला घेतली तर अक्षरं थरथरायला लागली. तिच्या ध्यानात आलं, हात इवलासा हलला तरी समोरचं सगळं बारा पटीनं हलतंय. माझ्यासारख्या सुईत दोरा ओवणारीचा हात हलतोय, तर या चिमणीचं काय हुणार? नाव मोठं नि लक्षण खोटं, असं ती तोंडावर बोलून गेली. मग तिनं टेप काढली आणि काउंटरवरच्या एकेका दुर्बिणीचं माप घ्यायला लागली. दुसरी गिऱ्हाइकं टकामका बघत होती. आक्का, दुर्बिणीला काय ब्लाउज शिवताय काय, म्हणून मारुतीरावांनी चेष्टा केली. शिवता आला असता तर तुमच्या दारात कशाला आलो असतो, असं सुलाबाईनं जिथल्या तिथं परत केलं.

मारुतीरावांनी शेवटी कपाळावरचा घाम पुसला, स्टूल घेतलं आणि वरच्या फळीवरनं एक धूळ खात पडलेली पेटी काढली. सहा पटीची, बुटकी, अंगाला रबर. आकडा बारका म्हणून ही कुणी घेत नाही, असं त्यांनी आपणहून कबूल केलं. ती मिटली ती दोन इंचांच्या आत. वजन पोरीच्या पाटीदप्तरापेक्षा कमी. सुलाबाईनं गळ्यातला पट्टा पोरीच्या छातीपाशी येईल असा आखूड केला आणि तिला दाराकडं तोंड करून उभं केलं. बघ म्हणाली नाही, दिसलं का म्हणूनही विचारलं नाही.

करिष्मानं दुर्बीण डोळ्याला लावून सावकाश रस्त्यावर फिरवली. मारुतीराव उगीच चुळबुळ करत होते. मग पोरगी कुणी न विचारता बोलायला लागली. "समोरच्या तारेवर चिमणी हाय. तिच्या तोंडात दोरा हाय. दुसरी वढून घ्यायलीया. ही सोडत न्हाय." सुलाबाईनं रस्त्याकडं बघितलंसुद्धा नाही. डोळे भरले होते, त्यातनं तिला काही दिसणारही नव्हतं.

घरी भीमरत्नानं दुर्बीण उलटसुलट केली, फक्त सहा पट, असं पुटपुटला आणि आपली बारा पटीची आता परत करायची कशी या विचारात पडला. परत कशाला, ती तुझ्या मापाची हाय, तू बघ, सुलाबाई म्हणाली. लहानपणी तुला कुणी घेऊन दिली न्हाय, आता हौस भागवून घे की. तो लाजला. संध्याकाळी गच्चीवर बापलेक शेजारी शेजारी उभे होते, दोघांच्या डोळ्याला आपापली.

पुढच्या फेरीला सुलाबाईही उपम्याचा डबा घेऊन तळ्यावर गेली. वीसबावीस पोरं काठावर उभी. पाण्यात वठलेलं एक खोड होतं, त्यावर रोज खंड्या बसायचा. सरांनी लांबनंच बोट दाखवलं आणि म्हणाले, तो बघा निळाशार, खंड्या. दिसला?

"दिसला सर," सगळी पोरं एका सुरात ओरडली.

करिष्मानं दुर्बीण खाली घेतली. "मला न्हाय दिसला."

पोरं हसली. पुढं व्हावं असं सुलाबाईला वाटलं, पण ती पाय रोवून जागेवरच थांबली. सर प्रेमानंच म्हणाले, नीट बघ बाळा, सगळ्यांना दिसतोय. करिष्मानं पुन्हा दुर्बीण लावली आणि चांगलं सावकाश बघितलं.

"नीट बघितलं सर. खंड्या न्हाय तिथं. निळी पिशवी हाय, फांदीला अडकलीया."

सरांनी आपली दुर्बीण लावली. त्यांचे कान लाल झाले. माणूस भला, पिशवीच आहे म्हणून सगळ्यांपुढं कबूल झाले आणि स्वतःलाच हसले. पोरं मात्र आता हसत नव्हती. करिष्माच्या शेजारी सौम्या म्हणून एक किडकिडीत मुलगी होती, थोरल्या भावाची भलीमोठी दुर्बीण तिच्या बेंबीपर्यंत लोंबत होती. ती मातीकडं बघत, जेमतेम ऐकू येईल असं पुटपुटली, की मला तर कधीच काय दिसलं न्हाय.

सुलाबाईनं डबा खाली ठेवला आणि ती त्या पोरीपुढं गुडघ्यावर बसली.

"आणखी एकदा सांग गं बाळा," ती म्हणाली. "मोठ्यानं सांग."