कुठे उभं राहून?

सुलभाकाकूंना कशाचाही भाव सांगितला की त्या आधी विचारायच्या, "कुठे उभं राहून?" मक्याचं कणीस कोलंबसशेजारच्या डब्लिन गावात दुकानात केवढ्याला आणि गावाबाहेर शेतावर केवढ्याला, हे बघायला त्या सत्तरीतही स्वतः गाडी हाणत जायच्या. वर म्हणायच्या, "भाव सांगणाऱ्यानं आधी पायाखालची जमीन सांगावी."

काकू मूळच्या निफाडच्या, शेतीच्या अर्थशास्त्रातल्या. सोव्हिएत संघ मोडल्यावर तिथल्या नव्या देशांत सरकार शेतकऱ्याला नेमकं किती देतं, हे मोजण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेलेली. कोलंबसला माझी पीएचडी त्याच विषयावर चालली होती, म्हणून तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत कुणीतरी आमची गाठ घालून दिली.

जगातल्या भावापेक्षा शेतकऱ्याला किती जास्त मिळतं, याचं माझं उत्तर उणे येत होतं. जे सरकार गव्हाला अनुदान देतंय, तेच माझ्या हिशेबात शेतकऱ्याच्या खिशात हात घालत होतं. गाइड म्हणाले, हे पटवून दे, नाहीतर डिफेन्स, म्हणजे प्रबंधाची तोंडी परीक्षा, पुढे ढकलू. पुढे ढकलला तर ठरलेली नोकरी जाणार आणि तिच्याबरोबर व्हिसाही. मी कागद घेऊन थेट काकूंचं स्वयंपाकघर गाठलं.

"जगातला भाव कुठे उभी राहून घेतलास?" कणीक मळता मळता त्यांनी विचारलं.

"बंदरावर."

"आणि शेतकऱ्याचा?"

"शेतात."

"मग मधलं रेल्वेभाडं कोण भरतं, तुझे सासरे?"

भाडं वजा केलं तर माझ्या उत्तरात उरणार काय? काकू हात धुऊन शेजारी बसल्या. भाडं, गोदाम, हमाली, सगळं वजा केलं. उणे बरंच आटलं, पण उरलं.

"हे उरलं ते खरं. निर्यातबंदी होती ना तेव्हा?"

"होती."

"मग झालं तर. एका हातानं अनुदान द्यायचं, दुसऱ्यानं निर्यात बंद करून भाव पाडायचा. निफाडला कुठल्याही कांदेवाल्याला विचार, त्याला पीएचडी लागत नाही."

मला हसू आलं, आणि कितीतरी दिवसांनी सणसणून भूक लागली.

डिफेन्सच्या आधीच काकू घर विकून मुलीकडे प्लेनोला गेल्या. पास झाल्यावर पहिला फोन त्यांनाच केला.

"काकू, झालं. पास केलं."

"छान. कुठे उभी राहून बोलतेयस?"

"पार्किंग लॉटमध्ये."

"मग गाडीत बस आणि आधी रडून घे. ड्राइव्ह नंतर कर."

रडू येतंय, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.