एकवीस केळ्यांचं बाळ

सालोमी मावशी पारड्यातली केळी खाते की काय, ही शंका इनेझच्या डोक्यातून काही केल्या जात नव्हती. मावशीच्या तोंडाला केळ्याचा वास येतो, एवढाच पुरावा. आणि भुईगावात तो कुणाच्या तोंडाला येत नाही?

सालोमी गावची सुईण. चाळीस वर्षांत अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलं होतं, आणि माणसं ती दूध पिण्याच्या तऱ्हेवरून ओळखायची. "फर्डिनंड ना? पिता पिता झोपायचा. आता चर्चमध्ये मिस्सात झोपतो." आग्नेस मास्तरीण म्हणे पहिल्याच दिवशी आईला नुसत्या हिरड्यांनी चावली होती. "शाळेतली पोरं काय उगाच रडतात?"

इनेझ मुंबईला कॉलेजात शिकलेली, आणि बाळंतपणाची ही पहिलीच खेप. तिच्या इंग्रजी पुस्तकात लिहिलं होतं, बाळाला दूध पुरतं की नाही हे कळायला पाजण्याआधी आणि पाजल्यावर त्याचं वजन करावं. घरात भाजीचा तराजू होता, पण वजनं नव्हती. वाटण्यांत तराजू तिच्या नवऱ्याकडे, निकोलसकडे आला आणि वजनं थोरल्या दिराकडे गेली. तेव्हापासून दोन्ही घरं बोलत नव्हती आणि दोघांनाही काही तोलता येत नव्हतं.

"केळी हायेत की," मावशी म्हणाली आणि वाडीतून राजेळीचा हिरवा घड घेऊन आली.

एका पारड्यात बाळ, दुसऱ्यात केळी. बाळ एकवीस केळ्यांचं भरलं. एका वेळेला ते अर्धं केळं दूध प्यायचं. केळी मोजायचं काम मावशीचं. शेजारणी कुंपणावरून विचारायच्या, "आज किती?" मावशी ओरडायची, "साडेबावीस!" पंधराव्या दिवशी चोवीस झाली, तेव्हा इनेझने मुंबईला नोकरीवर असलेल्या निकोलसला कार्डावर 'चोवीस' एवढंच लिहिलं. उलट टपाली उत्तर आलं, 'चोवीस काय?'

पुढे केळी काळी पडली, त्यांवर चिलटं घोंगावू लागली. अठराव्या दिवशी मावशीने ताजा घड उतरवला. बाळ साडेएकवीस भरलं.

इनेझने केळी पुन्हा मोजली. तीन दिवसांत अडीच केळी कमी! तिने लगेच निकोलसला पत्र धाडलं, 'माझं दूध आटलं. शनिवारी येताना डब्याचं दूध आण.' आणि मग मावशीकडे वळली.

"तुम्हीच खाल्लीत! पारड्यात बावीस असायची आणि मला चोवीस सांगायचात."

"देवाची आन, एकच खाल्लं. ते पन पारड्यातलं नाय."

"मग बाळ सुकलं कसं?"

मावशी पोट धरून हसत सुटली. "अगो, पोर नाय सुकलं, केळी सुकली! राजेळी सुकवून सुकेळी करनाऱ्या घरात सून आलीस ना? पंधरा दिवस घड लटकवून ठेवला, तो हलका नाय होनार?"

इनेझने जुन्या घडातलं एक काळं केळं हातावर तोललं. दर उन्हाळ्यात ती याच केळ्यांना अंगणातल्या मांडवावर वाळताना पाहत आली होती. बाळ चोवीस केळ्यांचं कधी झालंच नव्हतं. हळूच तिने विचारलं, "म्हणजे त्याला दूध पुरत नाही असं नाहीच?"

"लंगोट किती धुते मी रोज?"

"दहा. कधी बारा."

"ते वले कशानं होतात? विहिरीच्या पान्यानं?" मावशीने बाळ उचलून तिच्या मांडीवर दिलं. "पितंय ते. पाजत ऱ्हा. डबा तोंडाला लागला तर मातर तुझं खरंच आटंल."

बाळ प्यायला लागलं. गिळण्याचा आवाज इनेझने आज पहिल्यांदाच नीट ऐकला, कारण एरवी तिचं लक्ष तराजूच्या काट्यावर असे. पत्र उद्या निकोलसच्या हातात पडेल आणि तो भला माणूस संध्याकाळीच डबा विकत घेईल.

"मावशी, पोस्टात फोन आहे ना? याचं पिऊन झालं की मी निकोलसच्या ऑफिसला फोन लावते."

"चाळीस दिवस बायनं घराभाईर पडायचं नस्तं," मावशी म्हणाली आणि इनेझला घालायला तिच्या चपला शोधायला लागली.