टपरीवर ठेवलेली काठी

नेरच्या बाजारात कापसाच्या बैलबंड्यांची रांग लागली होती. तिसऱ्या दिवशीही आमची पाळी आली नव्हती, अन् भाव रोज उतरत होता. बंडीवर चढून मी दोर आवळत होतो. दोर तुटला अन् मी डांबरी रस्त्यावर पाठीवर आदळलो. मणका मोडला.

शहरातल्या मोठ्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर मणक्याच्या नव्या ऑपरेशनवर संशोधन करत होते. स्क्रू घालून मणका बांधायचा, मग दोन वर्षं रोग्याला बोलावून दुखणं लिहून घ्यायचं. कागदावर अंगठा लावा म्हणाले. मी चौथी शिकलेला माणूस, सही केली. कागद वाचला नाही, वाचल्यासारखं केलं.

ऑपरेशननंतर चालू लागलो, ते खरं. पण कमरेपासून डाव्या टाचेपर्यंत जळत राही, अन् काठीशिवाय दहा पावलं जमत नव्हती. तपासणीला गेलो की काठी दवाखान्यासमोरच्या चहाटपरीवर ठेवायचो. आमच्या घरात माणूस दुखते म्हणत नाही. बापाला शेतात विंचू चावला, तरी त्यानं नांगराचं तास पुरं करूनच बैल सोडले होते.

डॉक्टर विचारायचे, "बाबा, दुखणं किती? शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही."

"शून्य."

"चालून दाखवा."

दात आवळून चालायचो. ते खुश होऊन लिहायचे. बाहेर आलो की टपरीवर बसलेली बायको काठी हातात द्यायची. "डॉक्टरले तरी खरं सांगा जी."

"तू चहा पी."

त्याच सुमारास लहान भावाची कंबर गेली. कपाशीवर अळी हटत नव्हती. फवारणीवर फवारणी, अन् भरलेला पंप याच्याच पाठीवर. पाय बधिर पडू लागला. त्याच डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, ऑपरेशन करता येईल, गोळ्या-व्यायामावर थांबताही येईल. धोका असतोच, तुम्ही ठरवा. मग म्हणाले, "तुमच्या मोठ्या भावाचंच बघा ना. शून्य."

भाऊ माझ्या अंगणात आला. सुना तूर पाखडत होत्या.

"दादा, तुले खरंच काही दुखत नाही?"

"नाही."

"मंग ही काठी कायले?"

"कुत्र्यायले."

सुना हसल्या. मीही हसलो.

भावाचं ऑपरेशन झालं. आत पू धरला, पाठ पुन्हा उघडावी लागली. त्यानंतर त्याचे दोन्ही पाय हलले नाहीत. लघवीची नळी लागली ती लागलीच.

पुढच्या तपासणीला मी काठी टेकत आत गेलो. "लिहा, सात. कधी आठ. पहिल्या दिवसापासून."

डॉक्टर माझ्या फायलीची पानं उलटत राहिले. सगळी शून्यं. मग म्हणाले, "बाबा, तुमच्या भावाला मी तुमचंच उदाहरण दिलं होतं."

"म्हणूनच आलो."

तिथून सरळ भावाकडे गेलो. खाटेपाशी बसलो अन् सगळं सांगितलं. तो छताकडे बघत होता.

"मले माहीत होतं," तो म्हणाला. "तुही डावी चप्पल घासून घासून अर्धी झालती."

"मंग ऑपरेशनले काहून गेला?"

"सुनायसमोर तू नाही म्हटलं. तुले खोटा पाडू?"

मी त्याच्या पायांवरची गोधडी सारखी केली. तो म्हणाला, "खाट उन्हात सरकव."

काठी भिंतीला लावली अन् खाट ओढली. कमरेतून आग निघाली, मी थांबलो.

"दुखते काय?"

"दुखते," मी म्हटलं.