दामलेकाकांचा नवा पासवर्ड

एका बोटाने टाइप करणाऱ्या माणसाचं बोट कीबोर्डवर घारीसारख्या घिरट्या घालतं आणि अक्षर दिसलं की झडप घालतं. आज माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात दामलेकाकांचं बोट तसंच फिरत होतं, आणि मी ते डोळे भरून पाहत होतो.

गणपतीच्या मांडवात हेच बोट त्यांनी चारचौघांसमोर माझ्यावर रोखलं होतं. "हाच व्हायरस सोडतो आणि मग हाच काढतो!" सगळे हसले. मीही हसलो. ते हसू अजून घशात अडकलंय.

लोक म्हणतात, सोडून द्यावं. अहो, डिलीट केलेली फाइल मशीनसुद्धा लगेच पुसत नाही, नुसती नजरेआड करतं. मग मीच का पुसावं?

काकांचं ईमेल खातं काल कुणीतरी उघडलं, कारण पासवर्ड होता त्यांचंच नाव आणि पुढे एक-दोन-तीन. मी खातं सोडवून दिलं आणि सगळ्यांना देतो तोच सल्ला दिला, "पासवर्ड म्हणून एक लांबलचक वाक्य ठेवा. चोराला ते ओळखता येत नाही."

"तूच सांग बाबा एखादं," काका म्हणाले.

मी एकेक शब्द सावकाश सांगत गेलो, "व्हायरस... दुकानदाराने... सोडला... नव्हता."

शेवटच्या शब्दावर बोट थबकलं. काकांचे कान लाल झाले, पण त्यांनी तो शब्द पुरा केला.

"आता पुन्हा एकदा, काका," मी म्हणालो. "मशीन खात्रीसाठी दोनदा लिहून घेतं."